उन्हातली बरणी

दारूचा वास सुलोचनाबाईंना वाऱ्यावरून लागतो, असं पिंपळझरीत म्हणत, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे ती सरकारच्या कागदावर. पिंपळझरीत ती होती सुलोचनाबाईंच्या दंडुक्याच्या जोरावर. नाल्याकाठी कुणी सडवा गाडला, म्हणजे मोहफुलं, गूळ आणि पाणी ड्रमात भरून आंबायला जमिनीखाली पुरलं, की बाईंना त्याचा पत्ता लागायचाच. मग थाळ्या वाजायच्या, महिला मंडळाच्या बायका पदर खोचून निघायच्या आणि ज्याचा माल असेल त्याच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या.

या कामाची रीतही बाईंनीच घालून दिली होती. माल मालकानं स्वतःच्या हातानं उचलून विहारासमोरच्या चौकात आणायचा. ही दारू आहे, असं त्यानंच चारचौघांत मोठ्यानं सांगायचं. आणि पहिला घाव घालायचा तो त्याच्याच घरच्या बाईनं, मग ती बायको असो, आई असो की सून. "जिनं सोसलं, तिचा पहिला हात," असं बाई म्हणायच्या. पोलिसांना न भिणारे गडी बायकोच्या हातातला दंडुका पाहून घामाघूम व्हायचे.

अशा या बाईच्या स्वतःच्या गच्चीवर दारूची बरणी ऊन खात बसली होती, आणि बाईंना त्याचा पत्ता नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

झालं होतं असं. बाईंचा एकुलता एक मुलगा धम्मदीप बुटीबोरीला कारखान्यात होता. त्याची बायको मेघा पवनारची, बी.ए. झालेली, कमी बोलणारी. पहिल्या खेपेला तिचं पोट चौथ्या महिन्यातच रिकामं झालं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, कुणाचा दोष नाही. पण दोष कुणाचाच नाही हे सुलोचनाबाईंना कुठून पटणार? त्यांनी निकाल देऊन टाकला: पोरीच्या अंगात ताकद नाही. आणि मेघाला पुन्हा दिवस गेले, पोट दिसायला लागलं, तशी बाईंना आपल्या आईची बरणी आठवली.

बाईंचं माहेर कारंज्याकडचं, जंगलाच्या कडेचं. तिकडे त्यांची आई गरोदर लेकीसुनांसाठी एक काढा करायची. मोहफुलं, गूळ, सुंठ, ओवा आणि पाणी चिनी मातीच्या बरणीत घालायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि बरणी उन्हात ठेवून द्यायची. चांगलं मुरलं की गाळून रोज सकाळी एक पेला. यात आणि सडव्यात फरक काय, असं लहानपणी सुलोचनेनं एकदा विचारलंही होतं. आईनं सांगितलं, "अंधारात सडते ते दारू, उन्हात मुरते ते औषध." एवढं चपखल उत्तर मिळाल्यावर पुढे कोण विचार करतं? बाईंनी शेकडो ड्रम फोडले, दर पौर्णिमेला विहारात बसून पाचवं शील घेतलं, मद्यापासून दूर राहीन म्हणून हात जोडले, आणि आईचं वाक्य मनात जिथल्या तिथे राहू दिलं.

घरात एका माणसाला मात्र शंका आली होती. बाईंचे यजमान कवडू तरुणपणी प्यायचे. पुढे सोडली. बुद्धामुळे की बायकोमुळे, असं कुणी विचारलं तर "दोघायच्याबी धाकानं," असं सांगून हसायचे. दारू सुटली होती तरी नाक जागचं हललं नव्हतं. एके दिवशी मेघाचा पेला ओट्यावर होता, तो त्यांनी उचलून हुंगला.

"अवं धम्मदीपची माय, हे तं..."

"तुमाले तं निंबाच्या झाडालेबी दारूच लागलेली दिसते," बाई म्हणाल्या. "ठेवा तो पेला. बाळंतपनातलं तुमाले काय समजते?"

कवडूंनी पेला ठेवला. घरात शांतता हवी असेल तर नाकानं फक्त श्वास घ्यावा, हे ते फार पूर्वी शिकले होते.

मेघानंही एकदा विचारलं होतं. "आई, याले वास कायचा येते?" "ओव्याचा," बाई म्हणाल्या. दारूबंदीच्या जिल्ह्यात वाढलेल्या त्या पोरीला दारू कशी लागते हे माहीत असण्याचं कारणच नव्हतं. आंबटगोड, जरा झणझणीत असं ते पाणी ती नाक दाबून प्यायची. मग तिचे गाल गरम व्हायचे, डोळे जड व्हायचे आणि ती थोडा वेळ आडवी व्हायची. "लागू पडून राह्यलं," बाई समाधानानं म्हणायच्या. सुनेच्या अंगावर पांघरूण घालताना त्यांना तिची खरोखर माया यायची. तिच्यासाठी त्यांनी काय नसतं केलं!

आठवा महिना लागला. सेलूला बसस्टँडच्या मागे डॉक्टर मोनाली मॅडमचा दवाखाना होता. मॅडम मूळच्या आर्वीच्या, वयानं तरुण, बोलायला मोकळ्या. मागल्या आठवड्याच्या सोनोग्राफीत त्यांच्या भुवया थोड्या आक्रसल्या. बाळ दिवसांच्या मानानं लहान होतं आणि श्वासाची हालचाल दिसली नव्हती. झोपलं असेल, पुढच्या आठवड्यात परत पाहू, असं त्या म्हणाल्या. सुलोचनाबाईंनी घरी येऊन काय केलं असेल? बरणीत गुळाचा आणखी एक खडा टाकला. आणि तपासणीच्या दिवशी सकाळी नेहमीचा पेला काठोकाठ भरून दिला, वर थर्मासही भरून घेतला. लेकरू मशीनवर चांगलं तरतरीत दिसायला हवं ना!

त्या दिवशी थंडी मी म्हणत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या. धम्मदीपनं सुट्टी घेतली होती. मेघा बसमध्ये सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, आणि बाई शेजारणीला सांगत राहिल्या की नातू होवो का नात, आमच्याकडे सारखंच, फक्त रडणं दणदणीत पाहिजे.

दवाखान्यात मेघा टेबलावर झोपली. मॅडम बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. बाळाचं हृदय धडधडत होतं, एक पाय हलला, मूठ उघडली आणि मिटली. पण छाती जिथल्या तिथे होती.

"मॅडम, पोटात कुठं हवा असते?" सुलोचनाबाईंनी विचारलं. "मंग श्वास कायचा घेईन ते?"

मॅडम हसल्या. "सुलोचनाताई, पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीची पोरं धावताना पाहता ना तुम्ही? भरती निघायची असते पुढे, पण पोरं आधीपासून पळतात. तसंच आहे हे. हवा नसते, पाणी असतं, तरी बाळ छाती हलवून सराव करतं. थोडा वेळ करतं, थोडा वेळ थांबतं. त्या सरावानं फुफ्फुसं तयार होतात. आपण एवढा वेळ पाहिलं, पण तुमचं पोरगं आज मैदानात उतरलंच नाही."

मग त्या मेघाकडे वळल्या. झोपेची गोळी घेतली का? खोकल्याचं औषध? ताप? मेघा सगळ्याला नाही म्हणाली. मॅडमनी हातमोजे काढले. "आणखी एक प्रश्न असतो, पण तो तुमच्या घरात विचारला तर सुलोचनाताई मला दंडुका घालतील."

"कोनता?"

"दारूचा. आईच्या पोटात दारू गेली की ती बाळापर्यंत पोचते, आणि बाळ श्वासाचा सराव बंद करतं. काही तास अगदी गप. थोडी गेली तरी."

"आमच्या घरात?" बाई ताठ झाल्या. "मॅडम, आमच्या घरात थेंब सापडला तं मी हे नाव लावनार नाई."

"माहीत आहे हो," मॅडम म्हणाल्या. "बाहेर बसा, मेघाला काही खाऊ घाला. थोड्या वेळानं परत पाहू."

बाहेरच्या बाकावर बाईंनी डबा उघडून भाकर आणि तुरीच्या दाण्यांची भाजी मेघापुढे ठेवली. मेघाचं मन जेवणात नव्हतं. "आई, काही वाईट तं नाई ना?" तिनं विचारलं. अशा वेळी बाईंच्या हाताला एकच गोष्ट सुचली. त्यांनी थर्मास काढला आणि सुनेला आणखी एक पेला पाजला.

दुसऱ्यांदा पाहिलं तर पडद्यावर तेच. उलट आता पायही सुस्तावला होता. मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"मी उगाच घाबरवणार नाही," त्या म्हणाल्या, "पण धोकाही पत्करणार नाही. मागच्या आठवड्यात दिसलं नाही, आज दोनदा दिसलं नाही. बाळ लहान आहे, पाणी थोडं कमी आहे. वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं. तिथे त्यांनाही असंच दिसलं, तर ते बहुतेक आजच सिझर करतील. फुफ्फुसं अजून कच्ची असणार, बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागेल. आत ठेवण्यात धोका जास्त की बाहेर काढण्यात, एवढाच प्रश्न आहे."

धम्मदीप गाडी पाहायला धावला. मेघा टेबलावरच उठून बसली आणि दोन्ही हात पोटावर ठेवून रडायला लागली. सातव्याचं जगतं पण आठव्याचं जगत नाही, असं गावातल्या म्हाताऱ्या म्हणतात. डॉक्टर त्याला खुळी समजूत म्हणतात, पण ते शब्द तिच्या कानावर लहानपणापासून पडलेले होते. सुलोचनाबाईंच्याही.

बाईंनी सामान आवरायला घेतलं. रिकामा डबा आणि थर्मास घेऊन त्या मागच्या नळावर गेल्या. थर्मासात अजून थोडं शिल्लक होतं. त्यांनी झाकण फिरवलं.

फस्स.

झाकण हातातून उडालं आणि पांढरा फेस बाईंच्या बोटांवरून मनगटापर्यंत उतरला. त्या जागच्या जागी थिजल्या. हा आवाज त्या हजारात ओळखू शकल्या असत्या. नाल्याकाठी ड्रमाचं झाकण उचकटलं की अस्साच आवाज येतो, अस्साच फेस वर चढतो, आणि मग तो वास. वर्षानुवर्षं त्या वासामागे नदीनाले पालथे घालणाऱ्या सुलोचनाबाईंनी आज पहिल्यांदा आपल्या थर्मासात नाक घातलं. ओवा होता. सुंठ होती. आणि त्या दोघांच्या खाली, मोहाची कोवळी, ताजी, फसफसणारी दारू होती.

उन्हात मुरलं काय आणि अंधारात सडलं काय, मोहफुलांना आणि गुळाला त्याचा फरक कळत नाही. कळतो तो फक्त माणसांना, आणि तोही सोयीचा असेल तेव्हा. बाईंना एकामागून एक सगळं आठवलं. मेघाचे गरम गाल. जड डोळे. कवडूंचं अर्धं राहिलेलं वाक्य. मागल्या आठवड्यातही त्या पेला पाजूनच आल्या होत्या. आज सकाळी पाजला, मघाशी पुन्हा पाजला. डॉक्टरीण म्हणाली होती, काही तास अगदी गप. लेकरू आजारी नव्हतं. लेकराला आजीनं दारू पाजली होती.

नळ समोर होता. थर्मास पालथा केला असता तर कुणाला काही कळलं नसतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणायला गाव टपलेलंच होतं. ज्यांचे ड्रम फोडले ते सगळे हसले असते, वर्षभर हसले असते. पण मग वर्ध्याला मेघाचं पोट कापलं गेलं असतं, आणि सराव अर्धवट राहिलेलं ते लेकरू पेटीत धापा टाकत पडलं असतं. सुलोचनाबाईंना भयंकर लाज वाटली, आणि त्याहून भयंकर राग आला, स्वतःचाच. चूक केली ती केली. पण चूक झाकायला लेकरू कापू द्यायचं, एवढी ही सुलोचना भित्री नाही. त्यांनी झाकण लावलं, ओला हात लुगड्याला पुसला आणि त्या आत निघाल्या.

बाईंना हळू बोलता येत नाही, हे सगळ्या सेलूला ठाऊक होतं. मॅडम दार उघडं ठेवून वर्ध्याला फोन लावत होत्या. बाहेर बाकांवर चार गावच्या बायका बसल्या होत्या.

"मॅडम, फोन ठेवा. माह्या सुनेच्या पोटात दारू हाये. मी पाजली."

मॅडमना आधी वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. बाईंनी थर्मास टेबलावर ठेवला. "मोहाची हाये. औषध म्हनून बरनीत घातलतं. सकाळी एक पेला देल्ला, अन् तुमी बाहेर बसवलं तवा अजून एक. मागल्या खेपेलेबी देऊनच आनलतं तिले. दिवाळी झाल्यापासून रोज देऊन राह्यली मी."

मॅडमनी झाकण उघडून वास घेतला. मग त्यांच्यातली डॉक्टर जागी झाली. पेला केवढा? शेवटचा केव्हा दिला? मेघाला कसं वाटतंय? बाईंनी एकाही प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत दिलं नाही. मॅडमनी मेघाला परत आडवं केलं, पोटावर पट्टा बांधला आणि बाळाचे ठोके मशीनवर लावले. ठोके व्यवस्थित होते.

"आता आपण थांबायचं," मॅडम म्हणाल्या. "गाडी दारात उभी राहील. ठोक्यांत जरा जरी फरक पडला तर त्याच मिनिटाला निघू. पण ठोके असेच राहिले, तर दारू उतरू देऊ आणि पुन्हा पाहू. हे मला कळलं नसतं ना, तर मी हिला आत्ताच पाठवली असती, सुलोचनाताई."

मेघा छताकडे पाहत होती. तिचं रडू थांबलं होतं. "आई, मी तुमाले विचारलं होतं," ती म्हणाली. "वास कायचा येते म्हनून विचारलं होतं."

"हो."

"तुमी ओव्याचा म्हनल्या. मी तुमच्या भरोशावर पेली. नाक दाबून पेली."

सुलोचनाबाईंनी मान खाली घातली नाही. सुनेच्या डोळ्यांत पाहिलं. "चुकलं माह्यं. तुले राग आला तं तो बरोबर हाये. ठेव राग. पन आता रडू नोको, लेकराले तरास होईल."

त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. मेघानं तो घेतला नाही. धम्मदीप गाडी घेऊन परत आला, त्यानं बाहेरच्या बायकांकडूनच सगळं ऐकलं होतं. तो आईकडे न बघता आत गेला, त्यानं दुसरा पेला भरला, आणि त्याच्या हातून मेघा पाणी प्यायली. बाईंना ते काळजात लागलं. सोसायचं ठरवलं की सोसता येतं, पण लागायचं ते लागतंच.

दुपार सरता सरत नव्हती. कवडूंना कुणीतरी फोन केला होता, ते मिळेल त्या गाडीनं आले आणि बायकोशेजारी बाकावर बसले. ‘मी तवाच म्हनत होतो’ हे वाक्य त्यांच्या ओठांवर नक्कीच आलं असणार. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते म्हणायची संधी आली, आणि त्या भल्या माणसानं ती सोडून दिली. नुसता बाईंच्या हातावर हात ठेवला. आतून मशीनवरचे ठोके ऐकू येत होते, टपटप, टपटप, आणि तेवढ्या आवाजावर बाई तग धरून होत्या.

उन्हं कलली तशी मॅडमनी मेघाला परत सोनोग्राफीच्या टेबलावर घेतलं. सुलोचनाबाई दारातच उभ्या राहिल्या. आत यायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि आज पहिल्यांदाच त्या न सांगता आत शिरल्या नाहीत.

पडदा करडा होता. बाळाची छाती तशीच होती. मॅडम थांबल्या. मेघानं डोळे घट्ट मिटले होते. मग छाती किंचित वर आली आणि खाली गेली. पुन्हा वर आली. कोंबडीचं नुकतं निघालेलं पिल्लू तळहातावर घेतलं की त्याचं पोट कसं धपापतं, तसं ते हलायला लागलं. एकदा सुरू झालं आणि मग थांबेच ना.

"मेघा, डोळे उघड," मॅडम म्हणाल्या. "उतरलं गं मैदानात. पळतंय बघ."

मेघानं पाहिलं आणि ती हसत हसत रडायला लागली. धम्मदीपनं तिचं डोकं छातीशी धरलं. दारातून सुलोचनाबाईंना पडद्याचा एकच कोपरा दिसत होता, पण तेवढ्यात ती छाती मावत होती. वर, खाली, वर, खाली. ड्रम फोडून सत्कार घेतले होते, हार गळ्यात पडले होते, पण इतका आनंद त्यांना कधीच झाला नव्हता, आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

गाडी परत गेली. मॅडमनी मेघाला रात्रभर ठेवून घेतलं आणि बाईंना खुर्चीत बसवून स्वच्छ सांगितलं. "आज सिझर टळलं. पण बाळ लहान आहे, ते यामुळेच आहे का हे मी सांगू शकत नाही, आणि पुढे काहीच होणार नाही असंही खोटं सांगणार नाही. आजपासून थेंबही नाही. दर आठवड्याला दाखवायचं. जन्मल्यावरही बाळावर लक्ष ठेवू."

"ठेवू," बाई म्हणाल्या. "अन् मॅडम, एक सांगतो. तो प्रश्न सगळ्या बायायले विचारत जा. अन् दारू म्हनून नोका विचारू, बरनीत का ठेवलं हाये म्हनून विचारा. माह्यासारख्या लय असतील."

मॅडमनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहिल्या बाईपासून त्यांनी तसंच विचारायला सुरुवात केली.

मेघा घरी आली. जेवायची, औषधं घ्यायची, पण सगळं धम्मदीपच्या नाहीतर कवडूंच्या हातून. सासूनं वाढलेलं ताट ती शांतपणे बाजूला सरकवायची. सुलोचनाबाईंनी एक दिवस पाहिलं, दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दारात उभं राहून थाळी वाजवली.

बायका दंडुके घेऊन धावत आल्या. "कोनाची हाये, बाई?"

"माही," सुलोचनाबाई म्हणाल्या.

बायका हसल्या. मग बाईंचा चेहरा पाहून त्यांनी दंडुके खाली केले. बाई गच्चीवर गेल्या आणि बरणी कमरेवर घेऊन खाली उतरल्या. मदतीला पुढे झालेल्या दोघींना त्यांनी मागे सारलं. रीत म्हणजे रीत. बरणी स्वतःच्या हातानं उचलून त्या पंचशील ध्वजाखालून विहारासमोरच्या चौकात गेल्या. मागे थाळ्या वाजत होत्या, पण आज जरा अडखळत. चौकात गाव जमलं. ज्यांचे ड्रम फुटले होते ते अगदी पुढे होते. ते कशाला मागे राहतील?

बाईंनी बरणी खाली ठेवली, फडकं सोडलं आणि नवऱ्याला हाक मारली. "अवो, इकडं या. वास घ्या अन् सांगा का हाये ते."

"अवं, लोकं हायेत," कवडू कुजबुजले.

"लोकायसाठीच विचारून राह्यली."

कवडू वाकले. त्यांनी हुंगलं. "दारू हाये," ते म्हणाले. सुलोचनाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं म्हणणं चारचौघांत मान्य केलं.

"आयकलं सगळ्यायनं? दारू हाये. माह्या घरची हाये, मी केली, अन् पोटुशा सुनेले पाजली. लेकराचा श्वास थांबवलता मी. कोनाच्या घरी अशी बरनी असंन, काढ्याची म्हना, ताकदीची म्हना, आजच आना इथी. उन्हात ठेवली म्हनून दारूचं औषध होत नाई."

कुणी हसलं नाही. पुढे उभ्या असलेल्यांपैकी एकानं टोपी काढून हातात घेतली. गर्दीतून एक म्हातारी आपल्या घराकडे वळली, आणि ती कशाला गेली हे सगळ्यांना कळलं.

"आता पहिला हात," बाई म्हणाल्या आणि दंडुका धरून थांबल्या. पहिला हात घरच्या बाईचा. जिनं सोसलं तिचा. पण तिला बोलावायची हिंमत त्यांना झाली नाही. दंडुका हातात तसाच राहिला.

गर्दी बाजूला झाली. मेघा एक हात कमरेवर ठेवून, सावकाश पावलं टाकत चौकात आली. तिनं सासूच्या हातातून दंडुका घेतला, पाय रोवले आणि एकाच घावात बरणीचे दोन तुकडे केले. फेस मातीत पसरला. वास सगळ्या चौकात भरला, आणि आता तो ओव्याचा आहे असं म्हणणारं तिथे कुणी नव्हतं.

मेघाला दम लागला होता. सुलोचनाबाई विहाराच्या नळावर गेल्या, पेला विसळला, सगळ्यांच्या देखत भरला. आधी स्वतः त्यातलं तळहातावर ओतून एक घोट प्यायल्या. मग पेला धरून सुनेसमोर उभ्या राहिल्या. पुढे मात्र केला नाही.

मेघानं पेल्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. मग हात लांब करून पेला घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

"अजून द्या, आई," ती म्हणाली. "हे दोघायची तहान हाये."